चक्खु, सोत आणि मत : एका चित्रपटप्रेमी विद्यार्थ्याच्या वहीचे परीक्षण

परीक्षणासाठी आमच्या मेजावर सहसा ग्रंथ असतात : एखादे नवे भाषांतर, एखादी संपादित संहिता, कधी एखादा प्रबंध. या वेळी आम्ही परीक्षणास घेतली आहे ती कोणत्याही दुकानात मिळणारी साधी दोनशे पानी वही. ती छापलेली नाही आणि छापली जावी अशी तिच्या लेखकाची इच्छाही नाही. त्याच्या अनुमतीने, आणि त्याचे नाव न देण्याच्या अटीवर, आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत.

वहीचा लेखक आमच्या पालि वर्गातील विद्यार्थी आहे. वय वीस-एकवीस. राजगडाच्या ज्या अंगाने पाली दरवाजाकडे वाट चढते, त्या अंगाच्या पायथ्याचे पाली हे त्याचे गाव. गाव वेल्हे तालुक्यातील. या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. पदवीच्या शिक्षणासाठी तो पुण्यात खोली घेऊन राहतो. वर्गाच्या पहिल्या दिवशी नाव विचारले, तेव्हा त्याने स्वतःच्या नावापुढे 'पालीकर' असे जोडले. पालीचा पालीकर पालि शिकावयास आला, म्हणून वर्ग हसला, आम्हीही हसलो. बाबासाहेबांचे आडनावही आंबडवे या मूळ गावावरूनच आलेले आहे, तेव्हा गावाचे नाव लावणे अभिमानाचेच होय, असे त्या दिवशी आम्ही वर्गास सांगितले.

हा विद्यार्थी चित्रपटांचा नादी आहे. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची व मालिकेची तो वहीत नोंद करतो : तारीख, नाव, कोठे पाहिला (बहुतेक ठिकाणी 'मोबाईल', क्वचित 'थिएटर'), पाचपैकी तारे आणि दोन-चार ओळींत मत. मते बोलीतील आहेत. 'भारी', 'एक नंबर', 'डोक्यावरून गेला', 'बोअर', 'लॉजिक नाही' हे त्याचे समीक्षेचे पारिभाषिक शब्द. धातुरूपांच्या तालिका करण्यासाठी दिलेल्या वहीऐवजी चुकून ही वही आमच्या हाती आली. प्रथम आम्हास रागच आला. पालिच्या विद्यार्थ्याने वेळ कशात घालवावा, हा आमचा पहिला प्रश्न होता. वही वाचून झाल्यावर हा प्रश्न आमच्यावरच उलटला. तो कसा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तालपुटाचा प्रश्न

करमणुकीविषयी तिपिटकाचे म्हणणे काय, असे विचारले की आमच्यासारखे लोक तत्काळ दोन आधार देतात. उपोसथाच्या अष्टशीलांत नृत्य-गीत-वादन व खेळतमाशे पाहण्यापासून विरती सांगितली आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात समज्जा, म्हणजे जत्रा-तमाशे, यांच्या मागे हिंडण्याचे सहा दोष दिले आहेत. मात्र त्या सहा दोषांचे स्वरूप लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. नाच कोठे आहे, गाणे कोठे आहे, आख्यान कोठे आहे, असा शोध घेत राहणे हाच तेथे दोष म्हटला आहे. गाणे वाईट आहे असे तेथे म्हटलेले नाही; मनाची ती अखंड वखवख वाईट आहे. एक मालिका संपते न संपते तोच पुढची कोणती, हे विचारणाऱ्या आजच्या प्रेक्षकाचे यापेक्षा नेमके वर्णन करता येणार नाही. उलट, त्याच निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणेवर गातो, आणि ते गीत प्रेमगीत आहे. तथागत त्याला थांबवीत नाहीत. वीणेचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी जुळले आहेत अशी दाद देतात.

या प्रश्नावरील सर्वांत महत्त्वाचे सुत्त मात्र संयुत्तनिकायातील गामणिसंयुत्तात आहे. तालपुट हा नटांचा प्रमुख भगवंतांना विचारतो : रंगमंचावर सत्याने आणि असत्याने लोकांना हसविणारा, रमविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जन्मतो, असे आम्ही जुन्या आचार्यांकडून ऐकत आलो, आपले काय मत? भगवंत दोनदा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात की प्रेक्षक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे राग, द्वेष, मोह वाढविणाऱ्याच गोष्टी आणून ठेवतो. स्वतः प्रमत्त होतो आणि इतरांना प्रमत्त करतो. त्याची गती हसऱ्या देवलोकाची नव्हे. तालपुट रडतो. आपल्या वचनाने मी रडत नाही, असेही तो सांगतो. जुन्या आचार्यांनी मला इतका दीर्घकाळ फसविले याचे त्याला रडू येते. पुढे तो भिक्षू होतो, अर्हत होतो, आणि थेरगाथेच्या पञ्ञासनिपातात त्याच्या गाथा येतात. नट कवी झाला. कलेचा त्याग झाला असे म्हणणे त्यामुळे कठीण आहे.

या सुत्तातून चित्रपटाच्या परीक्षणाची एक कसोटी मिळते : हे दृश्य पाहून बांधलेला मनुष्य अधिक बांधला जातो, की आपण बांधलेलो आहोत हे त्याला दिसते? वहीतील मते आम्ही याच कसोटीवर लावून पाहिली.

'लॉजिक नाही'

२०१३-१४ मध्ये हिंदीत प्रसारित झालेली 'बुद्धा' ही मालिका या विद्यार्थ्याने पुढे मोबाईलवर पाहिली. हिमांशु सोनी यांनी तीत सिद्धार्थाची भूमिका केली आहे. वहीत तिला अडीच तारे आहेत, आणि मत असे : 'दिसायला भारी. पण एवढा मोठा होईपर्यंत त्याने म्हातारा माणूस बघितलाच नव्हता? लॉजिक नाही.'

हे मत वाचून आम्ही वही खाली ठेवली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिला हाच आहे : वृद्ध, रोगी व प्रेत ही नित्य दिसणारी दृश्ये असता एकोणतीस वर्षांच्या तरुणास ती पूर्वी कशी दिसली नाहीत? या विद्यार्थ्याने तो ग्रंथ तोपर्यंत वाचलेला नव्हता. दोन शब्दांत उडविलेले त्याचे मत बाबासाहेबांच्या प्रश्नाच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते.

येथे अभ्यासकाने भर घालावयास हवी. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवंत स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे चार दृश्ये नाहीत, मध्यरात्रीचे पलायनही नाही. मातापिता अश्रू ढाळीत असता आपण केशश्मश्रू उतरवून बाहेर पडलो, असे ते सांगतात. चार दृश्यांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहे, पण तेथे ती विपस्सी बुद्धाची आहे. गौतमाच्या चरित्रास ती नंतरच्या वाङ्मयाने चिकटविली. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात हे दाखवून दिले, आणि 'बोधिसत्त्व' हे मराठी नाटक लिहून शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा रंगभूमीसाठी मांडला. पडद्यावर मात्र चार दृश्यांचीच परंपरा चालत राहिली. एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ च्या काव्यावर आधारलेला 'लाइट ऑफ एशिया' हा मूकपट १९२५ मध्ये हिमांशु राय व फ्रान्झ ऑस्टेन यांनी केला, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी आलेली दूरचित्रवाणी मालिका त्याच वाटेने गेली. तंट्यात तलवार उचलण्यास नकार देणारा तरुण पडद्यावर आणण्यास नाट्य कमी पडत नाही. महालातील मोह आणि रथातून दिसलेले प्रेत हे डोळ्यांस अधिक सुखावह असते, एवढेच.

'बोअर'

बाबासाहेबांच्या जीवनावरील कलाकृतींसंबंधीची मते वाचताना आमची अधिक परीक्षा झाली. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला. मामूट्टी यांना त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वहीत त्यास चार तारे आहेत आणि 'मामूट्टी एक नंबर' असा शेरा. २०१९-२० मध्ये मराठीत आलेल्या 'महामानवाची गौरवगाथा' या मालिकेविषयी मात्र, सागर देशमुख यांचे काम आवडल्याचे सांगून, तो लिहितो : 'आईने रोज लावली, हात जोडून बघितली. मला मधेमधे बोअर झाली. हे कुणाला सांगायचे नाही.'

शेवटचे वाक्य अत्यंत गंभीर आहे. आमच्या घरात श्रद्धेच्या विषयावरील मालिका कंटाळवाणी वाटली, हे एका तरुणास लपवावे लागते. याला जबाबदार कोण? आम्हीच. बाबासाहेबांवर चित्रपट आला की आमची नियतकालिके त्याचे स्वागत करतात, आणि स्वागताला परीक्षण असे नाव देतात. विषय थोर म्हणून कृती थोर, हा हेत्वाभास आम्ही विद्यापीठात शिकविताना खोडून काढू. आमच्या पानांवर तो राजरोस नांदतो. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्त येथे स्मरावे. शिष्याने तथागताचीही परीक्षा करावी, आणि ती डोळ्यांनी व कानांनी जाणता येणाऱ्या गोष्टींवरून करावी, असे तेथे स्वतः तथागत सांगतात. चक्खु आणि सोत : चित्रपट याच दोन द्वारांनी येतो. ज्या शास्त्याने स्वतःस या परीक्षेतून वगळले नाही, त्याच्या अनुयायांनी एका मालिकेस वगळावे, हे विपरीत आहे.

आईचे हात जोडणेही तितकेच खरे आहे, हे आम्ही विसरत नाही. ज्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे देव दिसले, तिच्यात आपला उद्धारकर्ता दिसला, ही काही लहान घटना नव्हे. पण आईची ती कृती वंदना होती आणि मुलाचे मत हे परीक्षण होते. दोन्हींना एका घरात जागा असली पाहिजे.

दगड कोणावर?

आता वहीचे दोष. पहिला दोष ताऱ्यांचा. 'आवडला' ही सुखद वेदना आहे, 'नाही आवडला' ही दुःखद. वेदनेला पाचपैकी गुण देऊन तिचे ज्ञान होत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) ला पाच तारे आहेत. कारण दिले आहे 'गाणी', आणि खाली बारीक अक्षरात : 'शेवटी आवाज बंद केला ते भारी.' खरे परीक्षण या बारीक अक्षरातील ओळीत आहे. ज्या रागाला चित्रपट अर्धा वेळ नाचवितो, त्याचे जातीच्या व्यवस्थेत काय होते हे तो अखेरीस निःशब्दपणे दाखवितो; लहान मुलाची रक्ताळलेली पावले तेवढी उरतात. आमच्या वरातींनी यातील नाच उचलला, शांतता मागे ठेवली. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला तेव्हा जातीचा प्रश्नही पुसट झाला. वहीत त्यावर एकच शब्द आहे : 'धुतला.'

दुसरा दोष 'आपला' या शब्दाचा. 'आर्टिकल १५' (२०१९) वर तो लिहितो : 'हिरो आपला नाही.' आक्षेप योग्यच आहे. दलित मुलींवरील अत्याचाराच्या कथेत ब्राह्मण अधिकाऱ्याचे जागे होणे हाच मध्यबिंदू ठरतो. तमिळ 'जय भीम' (२०२१) मधील अखेरचे दृश्य, ज्यात आदिवासी मुलगी वकिलासारखाच पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते, त्याला आवडले, तेही योग्य. पण हाच शब्द त्याला 'फँड्री'पाशी अडवितो. मंजुळे यांचा हा चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबाकडे पाहून गाव हसते, आणि अखेरीस जब्या जो दगड भिरकावतो तो सरळ प्रेक्षकावर येतो. वहीत म्हटले आहे : 'दगड मला का मारला? मी तर जब्याच आहे.'

आम्ही त्याला विचारले, 'जब्या कोणत्या समाजाचा?' तो म्हणाला, 'कैकाडी.' आम्ही विचारले, 'तुमच्या घरी कैकाड्याच्या घरची सून चालेल?' तो बराच वेळ बोलला नाही. हा प्रश्न केवळ त्याला नव्हता; तो आम्हालाही होता आणि वाचकांनाही आहे. वरून आलेला दगड आम्हास दिसतो, कारण तो आम्हास लागलेला आहे. आमच्या खाली कोणी नाही असे समजून आम्ही जेथे उभे राहतो, तेथेही कोणीतरी हसत असते. म्हणून त्या दगडाचा नेम आम्हास बरोबर वाटतो.

'आपला' शब्दाने त्याला एक जागा अचूक दाखविली, हेही नमूद केले पाहिजे. 'तान्हाजी' (२०२०), 'छावा' (२०२५) अशा ऐतिहासिक चित्रपटांवर तो लिहितो : 'लढाई जोरात. पण गडाखाली राहणारी माणसे दिसत नाहीत. पाणी कोण आणत होते?' पाली दरवाजाच्या वाटेने लहानपणापासून चढलेल्या मुलाचा हा प्रश्न आहे. शनिवार-रविवारी गड पाहण्यास येणाऱ्यांच्या नजरेतून पायथ्याचे गाव निसटते. कॅमेऱ्याच्या नजरेतूनही निसटते. इतिहासकाराने विचारावा असाच हा प्रश्न आहे.

कोरे पान

'मेड इन हेवन' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील (२०२३) नीरज घायवान दिग्दर्शित विवाहाच्या भागाविषयी त्याने भरभरून लिहिले आहे. राधिका आपटे यांनी रंगविलेली उच्चशिक्षित दलित वधू बौद्ध पद्धतीच्या विवाहाचा आग्रह धरते आणि तो पार पाडते. त्याचे मत : 'आमच्या घरच्यासारखे लग्न पहिल्यांदा बघितले. मार नाही, रडारड नाही. फक्त आमच्याकडे एवढा खर्च नसतो.' शेवटची चिकित्सा रास्त आहे. साधेपणा व अल्पखर्च हाच बौद्ध विवाहाचा विशेष म्हणून आम्ही सांगत आलो. पडद्यावर त्याला प्रतिष्ठा मिळाली ती श्रीमंतीच्या वस्त्रांत. तरीही अत्याचाराशिवाय आम्ही दिसलो, याचे मोल त्याला कळले.

त्याच दिग्दर्शकाचा 'होमबाउंड' सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. कान महोत्सवात दाखविला गेलेला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरलेला हा चित्रपट २०२० च्या टाळेबंदीत घराकडे निघालेल्या दोन मित्रांची कथा सांगतो. त्यांपैकी चंदन हा दलित आहे, आणि पूर्ण नाव सांगण्याची वेळ आली की तो अडखळतो. वहीत या चित्रपटाची तारीख आहे, 'थिएटर' असे लिहिले आहे, आणि त्याखाली सबंध पान कोरे आहे. तारे नाहीत, मत नाही.

आम्ही कारण विचारले नाही. काही दिवसांनी, वर्ग संपल्यावर, ते त्यानेच सांगितले. चित्रपट त्याने खोलीतील मित्रांबरोबर पाहिला. बाहेर चहा घेताना एकाने सहज विचारले, 'पालीकर हे तुझे खरे आडनाव आहे का रे?' तो 'हो' म्हणाला. 'सर, त्यानंतर काय लिहिणार?' एवढेच तो आम्हास म्हणाला.

पहिल्या दिवशी वर्गात झालेला विनोद आम्हास आठवला, आणि आम्ही त्यावर दिलेला तो अभिमानाचा दाखलाही. ऐकलेल्या दोन शब्दांवरून आम्ही तत्काळ मत बनविले होते. 'लॉजिक नाही' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने निदान मालिका शेवटपर्यंत पाहिली होती. आम्ही समोरच्या मुलाकडे नीट पाहिलेही नव्हते.

तालपुटाच्या कसोटीवर हा चित्रपट कोठे बसतो, हे आता सांगण्याची आवश्यकता नाही. त्याने प्रेक्षकाला हसविले नाही, रमविले नाही. तो जेथे बांधलेला होता ती गाठ त्याच्या डोळ्यांसमोर धरली. भगवंतांनीही तालपुटास दोनदा उत्तर दिले नाही. काही प्रश्नांपुढे मताआधी मौन येते. ते मौन अज्ञानाचे नसते.

मग या वहीचे मूल्यमापन काय? मते घाईची आहेत, शब्द तोकडे आहेत, तारे निरुपयोगी आहेत. पण पाहणे खरे आहे, आणि घाबरून खोटे लिहिलेले एकही पान तीत नाही. इतके आम्ही आमच्या सर्व परीक्षणांविषयी म्हणू शकणार नाही. आमच्या विहारांत ग्रंथालये आहेत, व्याख्यानमाला आहेत. महिन्यातून एकदा एखादा चित्रपट एकत्र पाहून त्यावर बोलण्यास काय हरकत आहे? बोलताना तीन प्रश्न पुरे आहेत : (१) काय दिसले व काय ऐकू आले? (२) मनात कोणती वेदना उठली? (३) त्या वेदनेने आपल्याला काय दाखविले आणि काय झाकले? तरुणांनी 'बोअर' म्हटले तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये; कारण विचारावे. आई हात जोडून पाहत असेल तर तरुणांनीही हसू नये.

वही आम्ही परत केली आहे. पुढील पाठात वर्गात तालपुट सुत्त वाचावयाचे आहे. ते पान अजून कोरेच आहे, आणि ते भरावे असा आग्रह आम्ही धरलेला नाही.